सहाशेवे पोते

सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेले हरिपूर एके काळी हळदीच्या पेवांसाठी ओळखले जाई. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद भरून तोंड बंद केले की ती दीर्घकाळ टिकत असे. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळशी पेवे निकामी केली आणि साठवण गोदामांकडे वळली. पेवाचे एक वैशिष्ट्य मात्र आजच्या व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. तोंड बंद झाल्यावर आतला माल कोणालाच दिसत नसे. किती आहे, कसा आहे, हे पेढीच्या शब्दावरून मानले जाई.

परदेशी व्यापारात आजही माल असाच न दिसता विकला जातो. घेणारा दुबईत असतो, त्याची बँक तिथलीच, कस्टम्सचा अधिकारी न्हावाशेव्यात आणि देणारा सांगलीच्या मार्केट यार्डात. शब्दाची जागा कागदाने घेतली आहे, एवढाच फरक. आणि हा कागद एक नसतो. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, एलसी, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, जीएसटीचे विवरणपत्र आणि शेवटी बँकेची नोंद, इतक्या ठिकाणी एकाच मालाविषयी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. त्यांतील एका ठिकाणी जरी ती वेगळी निघाली, तरी पैसा अडकतो.

हळदीची अडत करणाऱ्या एका पेढीचा हा अनुभव आहे. पेढी तीन पिढ्यांची. आजवर तिचा माल मुंबईच्या निर्यातदारांमार्फत बाहेर जाई; नफा त्यांचा, अडत पेढीची. घरातील धाकटा पुतण्या बीकॉम होऊन पेढीवर बसला आणि त्याने थेट निर्यातीचा आग्रह धरला. थोरले काका, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, त्यांनी फार विचार करून होकार दिला. पहिल्या कंटेनरसाठी पेढीची ठेव मोडली गेली. १५ टन हळकुंड, २५ किलोचे एक याप्रमाणे ६०० पोती, बंदर जेबेल अली.

सुरुवातीची नोंदणी पुतण्याने व्यवस्थित केली. विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयातक-निर्यातक कोड, म्हणजे आयईसी, आता पॅन क्रमांकाशीच जोडलेला असतो. तो एकदा मिळाला की काम संपले असे पुष्कळांना वाटते, पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी किंवा आहे तीच कायम असल्याचे कळवावे लागते. हे राहून गेले तर कोड निष्क्रिय होतो आणि ते बहुधा माल बंदरावर पोहोचल्यानंतर लक्षात येते. हळद हा मसाल्याचा पदार्थ असल्याने मसाला मंडळाचे निर्यातदार नोंदणी प्रमाणपत्र घेतले गेले. बँकेचा एडी कोड कस्टम्सच्या संगणक प्रणालीत नोंदवला गेला, कारण परदेशातून येणारी रक्कम कोणत्या बँकेत येणार हे कस्टम्सला आधीच ठाऊक असावे लागते. प्रयोगशाळेचा अहवालही आला. हळदीच्या बाबतीत त्याला फार महत्त्व आहे. पिवळेपणा खुलवण्यासाठी लेड क्रोमेट मिसळण्याच्या दुष्ट प्रकारामुळे शिशाची तपासणी ठिकठिकाणी कडक झाली आहे. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्यावर सगळ्याच मसाल्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

पहिली अडचण आली ती कोडच्या आकड्यात. शिपिंग बिल दाखल करण्यापूर्वी क्लिअरिंग एजंट त्याचा मसुदा पाठवतो, त्याला व्यवहारात चेकलिस्ट म्हणतात. ती पुतण्याच्या मोबाइलवर आली, तो सौद्याच्या गडबडीत होता, त्याने न वाचताच ‘ओके’ कळवले. संध्याकाळी अण्णांनी चष्मा लावून ती छापील प्रत वाचली. इंग्रजी बेताचे असले तरी आकडे वाचण्याची त्यांना जन्माची सवय.

“हा शेवटचा आकडा तीस का आहे? यादीत हळकुंडापुढे वीस लिहिले आहे.”

जगभरातील कस्टम्स मालाला हार्मोनाइज्ड सिस्टिमचे क्रमांक देतात. ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून चालू आहे. तिचे पहिले सहा आकडे सर्व देशांत समान असतात, पुढचे दोन भारताने आपल्या सोयीने जोडले आहेत. हळदीचा क्रमांक ०९१०३०. त्यापुढे १० लावले की ओली हळद, २० म्हणजे वाळलेली, ३० म्हणजे पावडर. एजंटच्या कार्यालयात आदल्या आठवड्यात कोणा दुसऱ्याच्या हळद पावडरचे काम झाले होते आणि तीच फाइल पुढे ओढली गेली होती.

निर्यातीवर बहुधा शुल्क नसते, मग पावडर लिहिले काय आणि हळकुंड लिहिले काय, असा प्रश्न पुतण्याने विचारला. प्रश्न स्वाभाविक आहे आणि पुष्कळ व्यापारी घरांत तो विचारला जातो. परंतु रोडटेप योजनेखाली मिळणारा परतावा याच आठ आकड्यांवर ठरतो. मसाला मंडळाचे प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचा अहवाल आणि उगमाचा दाखला यांत मालाचे जे नाव आहे, तेच शिपिंग बिलात असावे लागते. तिकडच्या खरेदीदाराला आपल्या कस्टम्ससमोर हाच कागद ठेवायचा असतो. शिवाय सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ५० नुसार शिपिंग बिलातील मजकूर खरा असल्याचे प्रतिज्ञापन निर्यातदार करतो. एजंट त्याच्या वतीने काम करीत असतो, पण ती जबाबदारी एजंटकडे सोपवून मोकळे होता येत नाही. जाणूनबुजून खोटे प्रतिज्ञापन केल्यास कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. चुकीने झालेल्या गोष्टीला हे कलम लागू नये, हे खरे; पण चूक होती की हेतू होता, हे सिद्ध करीत बसण्यात हंगाम निघून जातो.

चेकलिस्ट दुरुस्त होऊन आली. पुतण्या काहीसा ओशाळला आणि पुढचा कागद नीट वाचायचे त्याने ठरवले. तो पुढचा कागद एलसीचा होता आणि दुर्दैवाने तो आधीच स्वीकारला गेला होता.

एलसीविषयी व्यापारी वर्गात एक गोड गैरसमज आहे. एलसी आली म्हणजे पैसे आले, असे समजले जाते. वास्तविक एलसी हे बँकेने दिलेले सशर्त वचन आहे: अमुक कागदपत्रे, अमुक मजकुराची, अमुक तारखेच्या आत आणून द्या, मग रक्कम देऊ. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे यूसीपी ६०० हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत आणि त्यांतील पाचवे कलम स्पष्ट सांगते की बँकेचा व्यवहार कागदपत्रांशी असतो, मालाशी नाही. माल सोन्यासारखा असला तरी कागद चुकला तर बँक रक्कम नाकारू शकते. माल हलका असला आणि कागद निर्दोष असेल, तर तिला रक्कम द्यावी लागते. काउंटरपलीकडे बसून हे कागद तपासणाऱ्या माणसाला हळदीचा वासही येत नसतो.

याच नियमांत तिसावे कलम आहे आणि धान्य, मसाले, बेदाणे यांचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यावे असे आहे. एलसीत मालाचे प्रमाण वजनात लिहिलेले असेल, तर पाच टक्के कमी किंवा जास्त माल चालतो. मात्र मागणीची एकूण रक्कम एलसीच्या रकमेपेक्षा अधिक होता कामा नये. ‘सुमारे’ असा शब्द घातलेला असेल तर ही सवलत दहा टक्क्यांपर्यंत जाते. परंतु प्रमाण पोत्यांच्या किंवा नगांच्या संख्येत लिहिलेले असेल, तर पाच टक्क्यांची ही सवलत मिळत नाही. पंधरा टन लिहिले असते तर साडेसातशे किलोंची मोकळीक होती. या एलसीत लिहिले होते, २५ किलोची ६०० पोती. त्यातच तुकड्या-तुकड्यांनी माल पाठवण्यास मनाई होती. म्हणजे ५९९ पोती पाठवली तर अटीचा भंग.

हे शब्द दुबईच्या बँकेचे नव्हते, खरेदीदाराचेही नव्हते. पुतण्याने पाठवलेल्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये त्याने स्वतःच हौसेने ‘६०० बॅग्ज’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. खरेदीदाराने ते आपल्या बँकेला दिले आणि बँकेने जसेच्या तसे उतरवले. एलसीच्या अटी घालणारा बहुतेक वेळा निर्यातदारच असतो, त्याला फक्त ते ठाऊक नसते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माल निघाला. सांगली ते न्हावाशेवा हे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आहे. घाटात पहिला पाऊस गाठ पडला आणि ताडपत्रीच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपले. बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात माल उतरला, धुरी देऊन झाली, वनस्पती संगरोध खात्याने नमुने घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी कंटेनर भरण्यापूर्वी थप्पी हलवताना तळाचे एक पोते भिजलेले निघाले. कस्टम्सची लेट एक्स्पोर्ट ऑर्डर अजून मिळायची होती. जहाज दुसऱ्या दिवशी रात्री निघणार होते, त्यापुढचे आठवड्याने. एलसीतील शेवटची लदान तारीख तीन दिवसांवर.

एजंटच्या माणसाने अनुभवी सल्ला दिला. कागदावर सहाशे राहू द्या, पोते बाजूला काढा. पंधरा टनांत पंचवीस किलो कोण मोजतो? पुतण्याने सांगलीला फोन लावला.

“अण्णा, पाचशे नव्याण्णव भरतात. हा म्हणतो, कागद बदलू नका.”

“भिजलेले पोते भरले तर?”

“कंटेनर बंद असतो. उकाड्यात बुरशी धरेल, शेजारची पोतीही जातील.”

“मग ते नकोच. इथून दुसरे पाठवू का? जीप रात्रीत पोहोचेल.”

“त्या पोत्याला कालची धुरी नाही, तपासणी नाही. एक पोते वेगळे निघाले तर सगळ्या लॉटवर बोट ठेवतील.”

“तर मग पाचशे नव्याण्णवच लिही.”

“अण्णा, बँक कागद परत करील. ठेव मोडली आहे आपण.”

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. “तिकडे उतरवताना पोती मोजून घेतात. तो माणूस मोजेल ना?”

“मोजेल.”

“मग आपण आधी सांगू.”

एजंटच्या माणसाचा सल्ला व्यवहारात खोटा ठरला असता असे नाही, हेही येथे मान्य करायला हवे. कस्टम्सची जोखीम व्यवस्थापन प्रणाली प्रत्येक माल उघडून पाहत नाही. कंटेनरच्या प्रमाणित वजनाचे बंधन २०१६ पासून आहे, परंतु पंचवीस किलोंचा फरक त्यात दिसला नसता. सहाशेचे सगळे कागद एकमेकांशी जुळले असते, बँकेने ते निर्दोष ठरवले असते आणि पूर्ण रक्कम जमा झाली असती. ज्या व्यवस्थेत कागदच माल मानला जातो, तिथे कागद खोटा करण्याचा मोह सर्वांत स्वस्त असतो. सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटी संख्या घालायची, तीही पहिल्याच निर्यातीत, आणि मग आयुष्यभर त्या एजंटच्या माणसाच्या विश्वासावर राहायचे, हा त्याचा खरा भाव होता.

त्या रात्री कागद नव्याने तयार झाले. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट ५९९ पोत्यांची, १४,९७५ किलोंची. शिपिंग बिलातील दुरुस्ती कलम १४९ खाली होते. अर्ज आणि सुधारित कागद दिल्यावर सकाळी ती झाली. संगरोध खात्याचे प्रमाणपत्र निघायचे होते, ते नव्या संख्येने निघाले. जहाज मिळाले. खरेदीदाराला त्याच रात्री कळवून एलसी बदलून देण्याची विनंती केली गेली. मात्र असा बदल खरेदीदाराच्या नुसत्या होकाराने होत नाही, एलसी देणाऱ्या बँकेकडून तो अधिकृतपणे यावा लागतो. आणि तो वेळेत आला नाही.

कागद लदानीनंतर २१ दिवसांच्या आत आणि एलसीच्या मुदतीत सादर करावे लागतात. ते पाचव्याच दिवशी सादर झाले. सांगलीच्या बँकेने मोकळेपणाने सांगितले की यात तफावत आहे. दुबईच्या बँकेने पाच कामकाजाच्या दिवसांच्या मुदतीत तसे लेखी कळवले आणि कागद आपल्याकडे धरून ठेवले. आता सारे खरेदीदारावर आले. तफावत माफ करून कागद सोडवायचे की नाही, हे त्याने ठरवायचे. तोवर माल जेबेल अलीला पोहोचला होता आणि त्याच्या जागेचे भाडे चढू लागले होते.

खरेदीदार वाईट माणूस नव्हता, व्यापारी होता. दर थोडे उतरले होते. त्याने दरात सूट मागितली. चार दिवस अण्णांनी दिली नाही, पाचव्या दिवशी मागितल्याच्या निम्मी दिली. तफावतीचा आकार बँकेने कापून घेतला तो वेगळाच. हिशेब केला तेव्हा पहिल्या कंटेनरचा नफा जवळजवळ सगळा त्या एका पोत्यात गेला होता. घरात त्या आठवड्यात जेवताना कोणी फारसे बोलत नसे, असे सांगतात.

एवढ्यावरही कागद थांबले नाहीत. वाळलेल्या हळदीवरील पाच टक्के आयजीएसटी भरून माल पाठवला होता. या मार्गात शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. कस्टम्सची आणि जीएसटीची प्रणाली इन्व्हॉइस आपसांत ताडून पाहतात. सुधारित इन्व्हॉइसच्या क्रमांकापुढे पुतण्याने जीएसटीच्या विवरणपत्रात एक ‘ए’ जोडला होता, शिपिंग बिलात तो नव्हता. परतावा ‘एसबी ००५’ या त्रुटीखाली अडकला. परतावा अडकलेल्या ज्या व्यापाऱ्याने ही अक्षरे पाहिली नसतील तो भाग्यवान म्हणायचा. पुढच्या विवरणपत्रातील ९ए या तक्त्यात क्रमांक दुरुस्त केला, तेव्हा रक्कम सुटली. खरेदीदाराला दिलेली सूटही बँकेमार्फत नोंदवून घ्यावी लागली. रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या प्रणालीत प्रत्येक शिपिंग बिलासमोर आलेली रक्कम लावली जाते. बिल एका रकमेचे आणि जमा दुसऱ्या रकमेची असेल, तर उरलेली रक्कम थकीत म्हणून तशीच दिसत राहते. निर्यातीची रक्कम देशात आणण्याची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये नऊ महिन्यांवरून पंधरा महिने झाली आहे. पण मुदत लांबली म्हणून न जुळलेली नोंद आपोआप जुळत नाही.

दिवाळीनंतर दुबईच्या त्याच खरेदीदाराचा फोन आला. या वेळी त्याला दोन कंटेनर हवे होते आणि दराची घासाघीस त्याने पहिल्यापेक्षा कमी केली. कारण त्याने सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. पुतण्याने प्रोफॉर्मा इन्व्हॉइस तयार करून अण्णांसमोर ठेवला. अण्णांनी तो वाचला, पोत्यांच्या संख्येवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि शेजारी ‘३० टन’ असे लिहिले. मग मागे वळून त्यांनी गोदामातल्या माणसाला नव्या ताडपत्र्या कधी येणार ते विचारले.